श्रीलंका फायनल ९

आमच्या घरातला कुठलाही बेत आधी नवऱ्याच्या "बघू"मध्ये जमा होतो. मी बँकेत आहे. ज्या रकमेचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि तिथे ती वर्षानुवर्षं सुखाने नांदते. नवऱ्याचं "बघू" हे आमच्या संसाराचं सस्पेन्स खातं. त्यात २०१४ सालचं काश्मीर आहे, दोनदा पडलेलं केरळ आहे, बाल्कनीची जाळी आहे आणि माझ्या माहेरच्या कुलदैवताचं दर्शन आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीत, चकल्यांचा डबा तळाला लागलेला असताना, "मेमध्ये मुलांना घेऊन चार दिवस परदेशी जाऊ या," असं मी म्हणाले आणि तो "बघू" म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं की हे प्रकरण त्या खात्यात पडू द्यायचं नाही. त्याच रात्री लॅपटॉप उघडून मी एक्सेलची शीट केली.

तिथेच चुकलं.

माणसं पाच. मी, नवरा, अकरा वर्षांची सई, सहा वर्षांचा चिनू आणि सासूबाई. सासूबाईंचं वय अडुसष्ट, गुडघे त्याहून जुने. प्रत्येकाला विचारलं, काय हवं? सईला समुद्र हवा होता. चिनूला हत्ती. नवऱ्याला "फार पळापळ नको" एवढंच हवं होतं, म्हणजे घरीच राहायचं होतं. आई म्हणाल्या, "माझं काही नाही बाई, तुम्ही न्याल तिथे येईन." हे वाक्य ज्या घरात म्हटलं जातं त्या घरातल्या सुनेला कळतं की आता पुढचे सहा महिने काही खरं नाही.

पहिलं नाव थायलंडचं निघालं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका २०११ मध्ये तिथे जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून ते तिथून पूर्णपणे परतलेले नाहीत. पण आईंचं म्हणणं पडलं, "तिथे नाकतोडे तळून विकतात म्हणे."

"आई, आपण घ्यायलाच हवेत असं थोडंच आहे?"

"नको घेऊस. पण तेल तेच असेल ना?"

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थायलंड कटाप. बालीला जायचं तर जाण्यायेण्यातच दीड दिवस जात होता. मालदीवच्या एका रात्रीचा दर नवऱ्याने मोठ्याने वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "एवढ्यात आपलं बाथरूम नवीन होईल." आईंनी फोटो बघितले. "नुसतं पाणीच बघायचं तर आपलं गंगापूर धरण काय वाईट आहे?"

उरली श्रीलंका. मुंबईहून विमान अडीच तासांचं. घड्याळ आपलंच, काटे हलवायला नकोत. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन रुपये, त्यामुळे जाताजाताच श्रीमंत झाल्याचा आनंद. आणि मुख्य म्हणजे आई एकदम ताठ बसल्या. "लंका? म्हणजे अशोकवन?"

"आहे. नुवारा एलिया म्हणून थंड हवेचं ठिकाण आहे, तिथे जवळच सीतेचं देऊळ आहे."

"आपल्या पंचवटीतूनच नेलं होतं तिला," आई म्हणाल्या. नाशिककराला हे सांगावं लागत नाही, पण त्या क्षणी ते सगळ्यांनाच नव्याने कळलं. नाशिक–लंका हा मार्ग केवढा जुना! फक्त पहिल्या प्रवाशाची संमती घेतली नव्हती, आणि परतीची सोय व्हायला फार खटपट करावी लागली होती.

लंका ठरली. फाइलचं नाव मी ठेवलं 'श्रीलंका फायनल'. नुसतं.

आता माझी हौस म्हणून सांगते, मी शीटमध्ये पावसाचाही रकाना केला होता. श्रीलंका ६५,६१० चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी. पण एवढ्याशा देशाला पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबो, गॉल आणि चहाच्या डोंगरांना धुतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमालीच्या बाजूला. आणि मधल्या फटीत, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपार कलली की विजांसकट कुठेही. आपल्या शाळांना सुट्ट्या कधी? दिवाळीत आणि मेमध्ये. म्हणजे दिवाळीत गेलो तर सगळीकडे भिजायचं, मेमध्ये गेलो तर अर्ध्याच देशात. अर्ध्याचा पर्याय आम्ही आनंदाने स्वीकारला.

मग जनावरं. मिरिस्साला समुद्रात देवमासे दिसतात, डिसेंबर ते एप्रिल. मिन्नेरियाच्या तळ्याकाठी शेकडो हत्तींचा मेळावा भरतो, तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन गणपतीत. कँडीची सजवलेल्या हत्तींची मिरवणूक, पेराहेरा, जुलै-ऑगस्टात. श्रीलंकेतल्या प्राण्यांना महाराष्ट्रातल्या शाळांचं वेळापत्रक कुणी कळवलेलंच नाही.

"मग मेमध्ये हत्ती कुठे असतात?" चिनूने विचारलं.

"असतात इकडेतिकडे."

"मामाकडे जातात?"

"बहुतेक," मी म्हणाले. त्या रात्री शीटमध्ये मी 'हत्ती' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. सकाळी बघते तर कुणीतरी ते खोडून 'हत्ती. परत हत्ती.' असं केलेलं. ती शीट सगळ्यांना उघडता येईल अशी मी ठेवली होती. लोकशाही बरी असते, पण एक्सेलमध्ये नाही. नवऱ्याने काहीही न सुचवता फक्त रकान्यांचे रंग बदलले. सईने आजीच्या वतीने रोज 'दुपारी १ ते ३: झोप' अशी ओळ घातली, त्यामुळे कागदावर तरी आम्ही पाच दिवसांतले दहा तास झोपायला समुद्रापार निघालो होतो. आणि एके दिवशी तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपुढे ठळक अक्षरात उमटलं: 'कँडी. तळ्याकाठी गार बिअर.' आयुष्यात जाळीपासून काश्मीरपर्यंत सगळ्याला "बघू" म्हणणाऱ्या माणसाने या एका बाबतीत तारीख, वेळ आणि जागा ठरवून दिली होती.

फायनल २, फायनल ३ करत गाडी पुढे गेली. फायनल ५ चं पूर्ण नाव 'फायनल ५ खरंच' असं होतं आणि सहाव्याचं 'फायनल ६ बाबांनी हात लावू नये'.

सहावी आवृत्ती घेऊन मी ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. त्याने ती पाहिली, दोन वेळा वर-खाली सरकवली आणि अदबीने विचारलं, "मॅडम, विमानतळ ते सिगिरिया अडीच तास कुठून आणले?"

"दीडशे किलोमीटर आहे. साठच्या वेगाने अडीच तास होतात."

"साडेचार धरा."

"का?"

"मध्ये श्रीलंका आहे, मॅडम."

आधी मला राग आला. नंतर कळलं की विमानतळ मुळात कोलंबोत नाहीच, काटुनायकेला आहे, आणि तिथून आत जाणारे रस्ते म्हणजे एकाला एक चिकटलेली गावं. कँडी ते नुवारा एलिया पाऊणशे किलोमीटर, त्याचे मी सव्वा तास धरले होते. तो म्हणाला, "तीन. आणि ॲव्होमिनच्या गोळ्या." शीटचा अख्खा तिसरा दिवस कोसळला. समुद्र गेला. सईने दार आपटलं. माझी लहानपणापासून अशी समजूत आहे की गणित बरोबर आलं की आयुष्य बरोबर येतं. बँकेत संध्याकाळी जमा-खर्च जुळला की हा समज पक्का होतो आणि घरी आलं की मोडतो.

जानेवारीत पासपोर्ट काढून बघितले. मोठ्यांचे ठीक होते. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. चिनूचा, तो वर्षाचा असताना दिरांकडे दुबईला जायचं म्हणून काढला होता. दुबई "बघू"मध्ये पडली आणि पासपोर्ट एकही शिक्का न लागता म्हातारा होऊन गेला. फोटोत चिनू सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

"हा कोण?" चिनूने विचारलं.

"तू."

"नाही," म्हणाला आणि खेळायला गेला.

नवीन फोटो पासपोर्टच्या केंद्रातच काढतात. "हसू नकोस, तोंड मिट आणि समोर बघ," एवढंच त्याला सांगितलं. चिनूचं असं आहे की त्याला जे करू नको म्हणावं ते त्याच्या पोटातून वर यायला लागतं. पहिल्या फोटोत तो हसला. दुसऱ्यात हसू दाबताना डोळे मिटले. तिसऱ्यात शेजारच्या खिडकीवरचे आजोबा हसले आणि मग हा हसला. अखेर जो फोटो छापला गेला, त्यात ओठ घट्ट आहेत, गाल फुगलेत आणि कुठल्याही क्षणी स्फोट होईल असा भारताचा एक नागरिक सरळ समोर बघतो आहे.

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे सिगिरिया आहे.

सिगिरिया म्हणजे सपाट जंगलातून अचानक वर आलेला जवळजवळ २०० मीटर उंचीचा एकच कातळ. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. जुन्या बखरी सांगतात त्याप्रमाणे कारण अगदी घरगुती आहे. बापाला मारून गादी बळकावली, हक्काचा वारस असलेला भाऊ दक्षिण हिंदुस्थानात पळाला, आणि तो फौज घेऊन येणार या धास्तीने हा वर जाऊन बसला. भाऊबंदकीतून उभं राहिलेलं इतकं टिकाऊ बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही. अठरा वर्षांनी भाऊ आलाच. ऐन लढाईत कश्यपाचा हत्ती पुढची दलदल चुकवायला जरासा वळला, सैन्याला वाटलं राजाच पळाला, आणि सैन्य पळालं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर याहून वेगळं काय होतं? नवऱ्याने एकदा कोलंबोतल्या पावसाची बातमी टाकली, तर दहा मिनिटांत नणंदेने "अरेरे, ट्रिप कॅन्सल?" म्हणून विचारलं आणि वरच्या काकांनी (ते ग्रुपवर कसे आले हे मला अजून कळलेलं नाही) "झालं ते बरंच झालं" असा अंगठा दाखवला.

तर या कातळावर साधारण बाराशे पायऱ्या चढून जायचं असतं. अर्ध्यावर सिंहाचे दोन प्रचंड पंजे. आणि वाटेत पाट्या: शांतता राखा, आवाजाने गांधीलमाशा उठतात. कातळाच्या कपारीत त्यांची मोहोळं आहेत.

ही पाटी सईने लॅपटॉपवर दाखवली आणि चिनूच्या डोळ्यांतून हत्ती नाहीसे झाले.

"आई, ओरडलं तर खरंच येतात?"

"येतात."

"किती मोठ्याने ओरडलं तर?"

फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल हा प्रश्न मी रोज ऐकला. पोळी लाटताना, दात घासून देताना. एकदा तो शाळेतून परस्पर माझ्या शाखेत आला, ३० मार्चला, काउंटरपुढे रांग असताना, आणि काचेतून म्हणाला, "आई, एकाच गांधीलमाशीला ऐकू आलं तर ती बाकीच्यांना सांगते का?" रांगेतल्या एका बाईंनी घाईघाईने पैसे परत पर्समध्ये ठेवले.

मग मी सराव घ्यायचं ठरवलं. रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचे चार मजले, तळापासून गच्चीपर्यंत, तोंड मिटून. चिनूला एकट्याला चढवणं बरोबर दिसेना म्हणून आम्ही सगळेच. पुढे मी, मग चिनू, सई, मागे नवरा, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून आई. कुणी एक शब्द बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या काकांनी दार उघडलं, आमची खाली मान घालून चाललेली मूक रांग बघितली आणि चप्पल शोधत कापऱ्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं हो?"

कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे आम्ही तसेच वर गेलो. काका गच्चीपर्यंत मागे आले.

निघायच्या आदल्या रात्री बॅगांचं वजन करायचं होतं. चेक-इनला द्यायची बॅग वीस किलोची, त्यावर गेलं की पैसे. आमच्याकडे उभं राहायचा वजनकाटा आहे, त्यावर बॅग ठेवली तर आकडा झाकला जातो. म्हणून बॅग घेऊन माणसाने उभं राहायचं आणि माणूस वजा करायचा. ती बॅग भरणारी मी, म्हणून उचलणारी मी. सई वही घेऊन बसली.

"एकोणनव्वद," ती म्हणाली. "आता नुसती तू. अडुसष्ट. एकोणनव्वद वजा अडुसष्ट..."

"मोठ्याने का म्हणतेस?"

"गणित मोठ्याने म्हणायचं असतं, तूच सांगितलंयस. एकवीस."

घरात त्या वेळी शुभेच्छा द्यायला आलेले काका, दोन शेजारणी आणि गॅस दुरुस्त करणारा मुलगा हजर होता. अडुसष्ट हा आकडा आईंच्या वयाचा असावा असं समजून एक शेजारीण म्हणाली, "वाटत नाही हो!"

एक किलो जास्त झालं होतं. बॅग उघडली. मेतकूट, लसणाची चटणी, भडंग, दशम्या, गोडा मसाला (चार रात्रींसाठी गोडा मसाला!), औषधांचा डबा, आणि तळाशी आईंची छत्री. हिरवी, तीन घडीची, एक काडी वाकलेली.

"आई, छत्री काढू या. मी पावसाचा पूर्ण अभ्यास केलाय. आपण बहुतेक कोरड्या भागातच आहोत. शीटमध्ये आहे."

"तुझ्या शीटला कुठे भिजायचंय?" आई म्हणाल्या.

छत्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. तीनशे दहा ग्रॅम. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी माझा केस वाळवायचा ड्रायर बाहेर निघाला आणि छत्री आत राहिली. फायनल ९ मध्ये मी सामानाची यादी दुरुस्त केली आणि प्रिंट काढली. पाच प्रती.

रात्री आठला नाशिक सोडलं. कसारा घाट ठीक उतरलो आणि भिवंडीला कंटेनरच्या रांगेत दीड तास उभे राहिलो. विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. सहा तास. पुढे मुंबई ते लंका अडीच तास. "रावणाला भिवंडी बायपास लागला नसणार," नवरा म्हणाला आणि चिनूच्या डोक्यावर डोकं टेकून झोपला.

सहलीतलं सगळं सांगत बसत नाही, ते शीटमध्ये आहे. आणि जे शीटमध्ये नव्हतं तेवढंच घडलं. विमानतळाबाहेर पडताच पहिल्या दहा रिक्षा दिसल्या त्या सगळ्या बजाजच्या. नवऱ्याचे मामा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्याने भर उन्हात एका तीनचाकीला टेकून फोटो काढला आणि मामांना पाठवला. ड्रायव्हरने चिनूला "पुता" म्हणायला सुरुवात केली आणि आकडे शिकवले: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत. साताला हत म्हणतात हे कळल्यावर चिनूने हत्तीमध्येही सात असतात असा निष्कर्ष काढला. पहिल्या जेवणाचं बिल सहा हजार आलं तेव्हा आईंनी पदर तोंडाला लावला. साडेतीनने भागाकार होईपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दम्बुल्ल्याला, हॉटेलच्या नाश्त्याला तांदळाच्या शेवयांची जाळीदार चकती आणि सोबत लालसर ओल्या खोबऱ्याची चटणी. तिला पोळ संबोल म्हणतात. नावात पोळ पाहून आई निवांत झाल्या. पोळ म्हणजे सिंहलीत नारळ. त्यांनी ती तीन वेळा घेतली. "अगदी माझ्या आईच्या हातची," म्हणाल्या. "नुसती लसणाची चटणी उगाच आणली आपण." नवरा आणखी आणायला गेला तेव्हा वाढप्याने त्याला कौतुकाने सांगितलं की तिची चव उंबलकडामुळे येते. उंबलकड म्हणजे वाळवून दगडासारखा केलेला कुप्पा मासा, कुटून घालतात. नवरा रिकामी वाटी घेऊन परत आला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बारा वर्षांच्या संसारात आम्ही एकही शब्द न बोलता घेतलेला हा एकमेव निर्णय. आई हा अंक वाचतात, पण आधी राशिभविष्य वाचतात आणि मग चष्मा काढून ठेवतात, एवढ्या आधारावर मी हे इथे लिहिते आहे.

सिगिरियाला आई खाली बागेत छत्री मांडीवर घेऊन बसल्या. आम्ही चौघं चढलो. चिनूने पहिल्या पायरीला ओठ मिटले ते मिटलेच. पासपोर्टातला चेहरा. हजार वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी ओळी खरडून ठेवलेली गुळगुळीत भिंत आली, सिंहाचे पंजे आले, पाटी आली. चिनू पाटीसमोर थांबला, ती नीट बघितली आणि हूं की चूं न करता पुढे गेला. वरच्या लोखंडी जिन्यावर तो एका क्षणासाठी कठडा धरून थबकला आणि त्याने तोंड उघडलं. आता हा ओरडणार असं मला वाटलं, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "चिनू, ओरडू नकोस!"

तो जांभई देत होता.

आवाज कातळावर आपटून परत आला. पुढच्या-मागच्या रांगेतल्या निदान सहा देशांच्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. खाकी कपड्यातल्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं. गांधीलमाशा आल्या नाहीत. चिनूची निराशा त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. "एवढ्या आवाजाला येत नाहीत," त्याने सईच्या कानात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कँडीच्या वाटेवर गावोगाव कागदी आकाशकंदील लटकत होते. रस्त्यात पोरं गाडी अडवून सरबत देत होती, भात देत होती, आइस्क्रीम देत होती, पैसे घेत नव्हती. वेसाक. बुद्धपौर्णिमा. दोन दिवस सगळा देश रस्त्यावर आणि दारूची विक्री संपूर्ण बंद. पावसाचे महिने, हत्तींचे महिने, परीक्षांचे महिने सगळे शीटमध्ये होते, चंद्र नव्हता. नवऱ्याने संध्याकाळी तळ्याकाठी बसून गार सरबत घेतलं. तिसरं.

"मला माहीत होतं," आई म्हणाल्या. "कालनिर्णयात आहे की, फ्रिजशेजारी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कुठे रकाना होता?"

चौथ्या दिवशी नुवारा एलियाला पोचलो तेव्हा घाटातल्या वळणांनी सई हिरवी झाली होती आणि बाहेर धो धो पाऊस होता. गाडीतून उतरून सीतेच्या देवळापर्यंत थोडं चालावं लागलं. आईंनी शांतपणे पिशवीतून छत्री काढली. वाकलेली काडी सरळ केली. एका छत्रीखाली आम्ही पाच जण पावलं जुळवत गेलो, आई मधोमध, मी बाहेरच्या बाजूला, आणि फायनल ९ ची माझी प्रत माझ्या खिशात लगदा झाली. आईंनी ओढ्याकाठी उभं राहून हात जोडले. "पंचवटीहून आलोय," एवढंच म्हणाल्या.

हॉटेलात आल्यावर छत्री निथळायला बाथरूमच्या दारामागे अडकवली. पहाटे पाचला निघताना बॅगा मोजल्या, पासपोर्ट मोजले, मुलं मोजली.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी कुणी नुवारा एलियाला जाणार असेल आणि जिन्यात सांबराचं शिंग लावलेल्या हॉटेलात उतरलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बाथरूमच्या दारामागे बघा. हिरवी, तीन घडीची, एक काडी वाकलेली. वजन तीनशे दहा ग्रॅम, सहज बसेल. नाशिकला आलात की आईंच्या हातात द्या, चहा घेऊन जा, आणि खोबऱ्याच्या चटणीविषयी कृपा करून काही बोलू नका.